व्याजदर स्वॅपचा हिशोब: चढउतार नफ्यातोट्यात घ्यावा की हेज अकाउंटिंग करावे?

कुपवाडच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी कंपनी बदलत्या व्याजदराचे मुदत कर्ज घेते आणि दर वाढण्याच्या धास्तीने बँकेशी स्वॅप करार करते, म्हणजे ठरलेल्या मुद्दलावर आपण स्थिर दराने द्यायचे आणि बदलत्या दराने घ्यायचे. मालकाच्या दृष्टीने तेवढ्यावर विषय संपतो, कारण व्याजाचा खर्च बांधला गेलेला असतो. हिशोबाच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो, कारण कर्ज ताळेबंदात व्याज साचेल तसे चालते आणि स्वॅप मात्र प्रत्येक ताळेबंदाच्या तारखेला बाजारमूल्याने मांडावा लागतो. या मूल्यातला फरक कोठे न्यायचा, याचे दोन मार्ग आहेत आणि निवड कंपनीची असते.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला आणि फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये ५.५० टक्क्यांपर्यंत उतरला. ज्यांनी चढत्या काळात दर बांधला, त्यांच्या स्वॅपचे मूल्य उतरत्या काळात उणे होते. समजा, मुद्दल ४० कोटी, तीन वर्षे शिल्लक, परतफेड शेवटी एकरकमी, आणि बांधलेला दर आजच्या बाजारापेक्षा १ टक्क्याने जास्त. दरवर्षी ४० लाख रुपये जादा जाणार, आणि तीन वर्षांच्या या रकमांचे आजचे मूल्य सुमारे १.०८ कोटी होते.

पहिल्या मार्गात हे १.०८ कोटी थेट नफा-तोटा पत्रकात जातात. सहा कोटींचा करपूर्व नफा ४.९२ कोटी दिसतो. मुदत संपेपर्यंत स्वॅपचे मूल्य शून्यावर येते, त्यामुळे ही नोंद हळूहळू उलटते, पण त्या वर्षीचा ताळेबंद घेऊन बँकेत बसावे लागते ते त्याच वर्षी. या मार्गाचा मोठा गुण साधेपणा हा आहे. मूल्यांकनाचे पत्रक घेतले, एक नोंद केली, झाले. लेखाप्रमुख आणि एकच सहायक एवढाच लेखा विभाग असेल, तर हा गुण लहान नव्हे.

दुसऱ्या मार्गात, म्हणजे रोख प्रवाहाच्या हेज अकाउंटिंगमध्ये (जोखीम झाकणारा करार, म्हणजे हेज, आणि झाकलेले व्याज यांचा हिशोब एकमेकांशी जुळवण्याची पद्धत), परिणामकारक ठरलेला, म्हणजे कर्जाच्या व्याजातील बदलाला भिडणारा, फरक इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून (नफ्याच्या आकड्याबाहेर दाखवायच्या फरकांचा भाग) स्वतंत्र राखीव निधीत जातो. कराचा दर २५.१६८ टक्के धरला, तर निधीत सुमारे ८१ लाखांची उणे बाकी दिसते आणि नफ्याला धक्का लागत नाही. प्रत्येक हप्त्यासोबत त्या काळापुरती रक्कम वित्तखर्चात येते, म्हणून व्याजाची ओळ बांधलेल्या दरानेच दिसते. व्यवहारात जे केले तेच पत्रकात दिसते, ही या मार्गाची खरी बाजू.

इंड एएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय धर्तीवरची भारतीय लेखामानके, लागू असलेल्या कंपन्यांसाठी (शेअर बाजारात नोंद नसल्यास २५० कोटी किंवा अधिक निव्वळ मूल्य) हे इंड एएस १०९ खाली येते. इतरांसाठी आयसीएआयचे (सनदी लेखापालांच्या संस्थेचे) डेरिव्हेटिव्ह करारांवरील, म्हणजे स्वॅपसारख्या करारांवरील, मार्गदर्शक टिपण १ एप्रिल २०१६ पासून आहे. तोटा तेवढा दाखवायचा आणि फायदा झाकून ठेवायचा, ही जुनी सवय तेव्हापासून चालत नाही. स्थिर दराचे कर्जरोखे स्वॅपने बदलत्या दरावर नेले असतील, तर तो वाजवी मूल्याचा हेज होतो. त्यात कर्जाचे मूल्यही बदलते आणि दोन्ही फरक नफ्या-तोट्यातच भिडतात. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो.

निर्णय खरा फिरतो तो बेसिसवर, म्हणजे स्वॅपचा दर आणि कर्जाचा दर यांतल्या फटीवर. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: वायद्याचा भाव निजामाबादचा आणि गोदामात माल राजापुरीचा असला, की दोन्ही भाव साधारण बरोबर चालतात, पण ऐन वेळी फटीतून पैसे गळतात. रुपयातील स्वॅप बहुधा एक रात्रीच्या मायबोरवर (बँकांनी एकमेकांना पैसे देण्याच्या बाजारदरावर) असतो, सहा महिन्यांनी चुकता होतो. कर्ज रेपोशी जोडलेले असते आणि व्याज दरमहा कापले जाते. रेपो आणि मायबोर यांचे नाते आकड्यांनी दाखवता येते, पण काही भाग अपरिणामकारक निघतो आणि तो नफ्या-तोट्यात जाऊ शकतो. कर्ज एमसीएलआरवर (बँकेच्या निधीखर्चावर आधारलेल्या दरावर) असेल तर मात्र अवघड आहे, कारण तो दर बँक स्वतः ठरवते. इंड एएस १०९ मध्ये परिणामकारकता ८० ते १२५ टक्क्यांत बसावी ही जुनी चौकट नाही; तरी आर्थिक नाते दाखवावेच लागते, आणि एमसीएलआरच्या बाबतीत ते दाखवताना माझी स्वतःची दमछाक झाली आहे.

दुसरी अट कागदांची. हेज कशाचा, कोणत्या जोखमीसाठी, कोणत्या प्रमाणात आणि परिणामकारकता कशी मोजणार, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे लागते; मागची तारीख टाकता येत नाही. एका कारखान्याच्या कामात मी हे टिपण ‘करून घेऊ’ म्हणत राहिलो. स्वॅप ऑगस्टचा होता आणि मार्चअखेरीस फाईल उघडली, तेव्हा बँकेचे कन्फर्मेशन, सहीची प्रत आणि चहाचा डाग एवढेच त्यात सापडले. ऑडिटरने मार्चपर्यंतचा सगळा फरक नफ्या-तोट्यात टाकायला लावला, आणि तो बरोबर होता. पुढे हेज म्हणून नामनिर्देश केला तरी तोपर्यंत स्वॅपचे मूल्य शून्य राहिलेले नव्हते, म्हणून अपरिणामकारकता शेवटपर्यंत चिकटून राहिली.

आणखी एक अडचण. कमी दर मिळाला की कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. हेज ‘अमुक बँकेचे अमुक कर्ज’ असा लिहिला असेल आणि ते फेडले, तर अपेक्षित व्याजच उरत नाही व राखीव निधीतली बाकी लगेच नफ्या-तोट्यात येते. त्याऐवजी ‘बदलत्या दराच्या कर्जापैकी पहिल्या ४० कोटींवरील व्याज’ असे लिहिले असेल, तर कर्ज बदलूनही हेज टिकू शकतो. शिवाय इंड एएसमध्ये जोखमीचे धोरण तेच असताना हेज अकाउंटिंग मर्जीने सोडता येत नाही.

म्हणून माझा कल असा. स्वॅप एकच असेल, वर्ष-दीड वर्षच उरले असेल, किंवा कर्ज एमसीएलआरवर असेल, तर पहिला मार्ग धरावा आणि मंजुरीपत्रात नफ्यावर आधारलेली गुणोत्तरे मोजताना स्वॅपचा न वटलेला फरक वगळण्याची ओळ बँकेकडून घालून घ्यावी. मागितली तर ती बहुधा मिळते. मुदत लांब, रक्कम नफ्याच्या मानाने मोठी आणि कर्ज-स्वॅपच्या तारखा जुळत्या असतील, तर दुसरा मार्ग मेहनतीचे मोल देतो. पण मग व्याजाच्या तारखा आणि मुद्दलाचे हप्ते बँकेच्या डीलरशी बोलतानाच जुळवून घ्यावेत आणि टिपणावर करारासोबत त्याच दिवशी सही व्हावी.