शर्यत की स्टंट? कलम १८९ आणि कलम २८१

जळगाव-भुसावळ महामार्गावर दोन पोरांनी रेस लावली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं: पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शर्यतीला परवानगी देणाराही यात येतो. अडचण पुराव्याची. दोन गाड्या नुसत्या सुसाट पळाल्या म्हणजे शर्यत सिद्ध होत नाही, म्हणून सुरुवात-शेवट दिसणारा व्हिडिओ, पैज लावल्याचे मेसेज लागतात.

मेहरुण तलावाजवळ एकट्यानं व्हीली (पुढचं चाक उचलून गाडी पळवणं) मारली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१: सार्वजनिक रस्त्यावर जिवाला धोका होईल अशी बेदरकार गाडी चालवणं. ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड फुटकळ, पण कैद दुप्पट, आणि इजा व्हायची वाट पाहावी लागत नाही. स्टंटसाठी हेच कलम जास्त पक्कं बसतं. कुणी दगावलं, तर याच संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद.

चालवणारा अल्पवयीन असेल, तर आईबापांनो, नीट वाचा: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.