स्थूलकोन की दृढ ऊती?
"दोन्हींच्या पेशीभित्तिका जाडच, मग झाडाला खरा आधार कोणाचा?" एका विद्यार्थिनीचा प्रश्न. स्थूलकोन आणि दृढ या झाडाला आधार देणाऱ्या दोन ऊती, म्हणजे पेशींचे समूह; पेशीभित्तिका म्हणजे पेशीभोवतीची भिंत.

नुसती मजबुती पाहिली तर दृढ ऊती सरळ पुढे. भित्तिकेत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) ठासून भरलेलं, पेशी बहुतेक मेलेल्या. पेअर खाताना दाताखाली कचकचतात त्या यातल्याच दगडी पेशी! पण लिग्निन बसलं की लांबायची सोय संपली, शिवाय ते बनवायला झाडाला ऊर्जाही जास्त लागते.

स्थूलकोन पेशी जिवंत. सेल्युलोज-पेक्टिन या भित्तिकेतल्या द्रव्यांचा थर मुख्यतः कोपऱ्यांत, म्हणून वाऱ्यात देठ वाकतो पण मोडत नाही, आणि पेशी वाढतही राहतात.

कोवळं खोड, पानाचा देठ असेल तर स्थूलकोन. वाढ थांबलेला भाग किंवा बियांचं कवच असेल तर दृढच.