एसक्यूलाइट: वेग, मेमरी आणि न आटणारी वॉल फाइल

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूलाइट हा डेटाबेस बसवून आता बरेच महिने झाले. यंत्रांकडून दिवसरात्र येणारी मोजमापं लिहून घ्यायची आणि त्याच फाइलवरून अहवाल काढायचे, असं काम आहे. वेगळा सर्व्हर नाही, वेगळी प्रोसेस नाही, डेटाबेस आपल्याच प्रोग्रामच्या पोटात चालतो. त्यामुळे तक्रार आली की ती नेमकी कुणाची हे पटकन कळत नाही. आमच्याकडे दोन तक्रारी आल्या, अहवाल हळूहळू मंदावत चाललेत आणि प्रोग्राम मेमरी खातोय. दोन्हींचा माग काढताना जे हाती लागलं ते लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: एसक्यूलाइट अडलं की सेटिंग फिरवण्याआधी कोणतं कनेक्शन काय धरून बसलंय ते पाहावं.

सगळ्यात जास्त वेळ वॉल फाइलने घेतला. वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग, बदल मूळ फाइलआधी एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत. 2010 मध्ये आलेला हा जर्नल मोड आम्ही पहिल्यापासून वापरतो, कारण त्यात लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. नवीन पानं (डेटाबेस फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) आधी वॉल फाइलमध्ये जातात आणि चेकपॉइंट झाला की मूळ फाइलमध्ये उतरतात. चेकपॉइंट आपोआप होण्यासाठी न सांगता ठेवलेली मर्यादा 1000 पानांची आहे, म्हणजे 4096 बाइटचं पान धरलं तर साधारण 4 एमबी. आमची वॉल फाइल मात्र कित्येक पट फुगलेली असायची, आणि ती जितकी मोठी तितकं वाचन मंद.

इथे वॉल चेकपॉइंट हा प्रॅग्मा (एसक्यूलाइटची खास आज्ञा) हाताने चालवून बघावा. तो तीन आकडे देतो. पहिला अडथळा आला का ते सांगतो, दुसरा वॉलमध्ये एकूण किती पानं आहेत ते, आणि तिसरा त्यातली किती मूळ फाइलमध्ये पोहोचली ते. थोड्या थोड्या वेळाने तो चालवला तर दुसरा आकडा वाढतच होता, तिसरा एकाच जागी ठाण मांडून होता. याचा अर्थ सरळ आहे. कुणीतरी जुनं वाचन उघडं ठेवलंय, आणि त्या वाचकाला दिसणाऱ्या चित्राच्या (वाचन सुरू झालं त्या क्षणीच्या डेटाच्या) पुढे चेकपॉइंट जाऊ शकत नाही.

तो वाचक अहवालाच्या पडद्यामागे सापडला. पहिल्या काही ओळी दाखवायच्या आणि वापरकर्त्याने खाली सरकवलं की पुढच्या आणायच्या, म्हणून क्वेरीचं स्टेटमेंट (चालवायला तयार केलेली क्वेरी) अर्धवट वाचून तसंच ठेवलेलं होतं. रिसेट (पुन्हा सुरुवातीला नेणं) नाही, फायनलाइझ (मोडून टाकणं) नाही. जोवर पडदा उघडा, तोवर रीड ट्रान्झॅक्शन उघडं. असं उघडं स्टेटमेंट शोधायला एसक्यूलाइटच्या सी इंटरफेसमध्ये सोय आहे. एका फंक्शनने कनेक्शनवरची स्टेटमेंटं एकेक करून हाती घ्यायची, आणि दुसऱ्याने प्रत्येक अजून चालू आहे का ते विचारायचं. आम्ही ते लॉगमध्येच छापायला लावलं. पडदा आता शेवटची दिसलेली वेळ लक्षात ठेवून दर वेळी छोटी नवी क्वेरी टाकतो. ऑफसेट, म्हणजे पहिल्या इतक्या ओळी वगळ असं सांगणं, मुद्दाम वापरला नाही, कारण वगळायच्या ओळीही डेटाबेसला चालत ओलांडाव्या लागतात.

एक गोष्ट सांगायलाच हवी: वाचक सुटला तरी वॉल फाइलचा डिस्कवरचा आकार आपोआप कमी होत नाही. ती पुन्हा सुरुवातीपासून लिहिली जाते, एवढंच. आकार उतरवायचा तर ट्रंकेट प्रकारचा (फाइल छाटणारा) चेकपॉइंट करावा किंवा जर्नल साइझ लिमिट लावून ठेवावी.

आता मेमरी. कॅश साइझ म्हणजे डेटाबेसची पानं मेमरीत किती राखायची ते सांगणारं सेटिंग, आणि बऱ्याच जणांची गल्लत होते ती त्याच्या चिन्हापाशी. आकडा उणे असेल तर तो किलोबाइटमध्ये मोजला जातो, अधिक असेल तर पानांमध्ये. उणे 64000 म्हणजे सुमारे 64 एमबी, पण नुसतं 64000 लिहिलं तर 4096 च्या पानांनी ते 250 एमबीच्या घरात जातं. वर ही मर्यादा प्रत्येक कनेक्शनला वेगळी. पूलमध्ये (तयार कनेक्शनांच्या साठ्यात) 16 कनेक्शनं असतील तर उणे 64000 नेसुद्धा एकूण कमाल 1 जीबीपर्यंत पोहोचते. न सांगता मिळणारी कॅश फक्त 2000 किलोबाइटची आहे. ती तुटपुंजी वाटते खरी, पण ऑपरेटिंग सिस्टिमही फाइलची पानं स्वतःकडे राखतच असते. आम्ही लिहिणारं एकच कनेक्शन ठेवलं, वाचणारी मोजकीच, आणि मोठी कॅश फक्त अहवालाच्या कनेक्शनला दिली.

टास्क मॅनेजरमधला आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. मेमरी मॅपिंग (फाइल थेट मेमरीत असल्यासारखी वाचणं) चालू केलं असेल तर फाइलची मॅप केलेली पानंही त्या आकड्यात दिसतात. मोकळी केलेली मेमरी अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) लगेच सिस्टिमला परत देईल असंही नाही. एसक्यूलाइटलाच विचारलं तर तो कॅश, स्कीमा (टेबलांची रचना) आणि तयार स्टेटमेंटं यांनी किती मेमरी घेतलीय ते वेगवेगळं सांगतो. आमच्याकडे स्टेटमेंटांचा आकडा चढत होता, कारण क्वेरीच्या मजकुरातच मूल्यं घातली जात होती. प्रत्येक मूल्याला नवं स्टेटमेंट तयार होऊन आमच्या स्टेटमेंट कॅशमध्ये साठत होतं. बाइंड पॅरामीटर (मजकुरात मोकळी जागा ठेवून मूल्य वेगळं देणं) वापरले आणि चढ थांबला.

क्वेरींबद्दल थोडक्यात, कारण यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवली जाईल ते सांगणारी आज्ञा, तिचं उत्तर वाचायची सवय लावून घ्या. ‘स्कॅन’ दिसलं म्हणजे सगळं टेबल किंवा सगळा इंडेक्स चाळला जातोय, ‘सर्च’ दिसलं म्हणजे नेमक्या जागी उडी आहे. आमच्या मुख्य क्वेरीत ऑर्डर बायसाठी (ओळी क्रमाने लावण्यासाठी) तात्पुरतं बी-ट्री बांधलं जात होतं. यंत्रावर एक आणि वेळेवर एक असे दोन सुटे इंडेक्स होते, आणि ‘अँड’ने जोडलेल्या अटींना एसक्यूलाइट सहसा त्यातला एकच घेतो. यंत्र आणि वेळ असा जोडइंडेक्स केल्यावर ते तात्पुरतं बी-ट्री गेलं, ओळी आपसूक क्रमाने येऊ लागल्या. वेळेच्या रकान्याभोवती तारखेचं फंक्शन गुंडाळलं तर तो इंडेक्स कामाला येत नाही. तिथे ‘पासून-पर्यंत’ अशीच अट लिहावी.

मोठे ब्लॉब (कच्च्या बाइटचे गठ्ठे) वेगळ्या टेबलात हलवल्याचा फायदा अपेक्षेपेक्षा जास्त झाला. पानात न मावणारा मजकूर ओव्हरफ्लो पानांच्या साखळीत जातो, आणि ब्लॉबच्या नंतरचा रकाना वाचायचा तर ती साखळी ओलांडून जावं लागतं. टेबल बदलायला वेळ नसेल तर निदान छोटे रकाने आधी आणि ब्लॉब शेवटी ठेवावा.

लिहिण्याच्या वेगाबद्दल तक्रार नाही. अनेक इन्सर्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधले की फरक डोळ्यांना दिसतो, कारण खर्च इन्सर्टचा नसतो, कमिटच्या (ट्रान्झॅक्शन पक्कं करण्याच्या) वेळी डिस्कची खात्री करून घेण्याचा असतो. वॉलमध्ये सिंक्रोनस हे सेटिंग नॉर्मल ठेवलं तर हा खर्च आणखी उतरतो. वीज गेली तर शेवटचे काही कमिट गमावण्याची शक्यता राहते, फाइल मात्र बिघडत नाही. मोजमापांसाठी हे आम्हाला चाललं. पैशांच्या नोंदींसाठी मी हे करणार नाही.

न आवडलेली गोष्ट एकच, पण ती खरोखर त्रासदायक आहे. बिझी टाइमआउट (लॉक सुटायची किती वेळ वाट पाहायची ते) लावूनही कधी कधी ‘डेटाबेस लॉक आहे’ ही चूक क्षणात येते, वाट न पाहता. ट्रान्झॅक्शन वाचनाने सुरू झालं, मध्ये दुसऱ्याने काही लिहिलं, आणि मग आपल्याला लिहायचंय, असा प्रसंग असतो. आपलं चित्र शिळं झालेलं असल्यामुळे थांबून उपयोगच नसतो, म्हणून एसक्यूलाइट लगेच नकार देतो. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे लिहायचं आहे ते पहिल्यापासूनच बिगिन इमिजिएटने (लिहिण्याचा हक्क लगेच घेऊन) उघडावं. बिझी टाइमआउट, सिंक्रोनस आणि कॅश साइझ ही सेटिंगं फाइलमध्ये साठत नाहीत, वॉल मोड मात्र साठतो. म्हणून कनेक्शन उघडणारं फंक्शन आम्ही एकच ठेवलंय, आणि पूल त्याच्याखेरीज दुसरीकडून कनेक्शन घेत नाही.