७०७५ म्हणून घेतलं, डायकास्टिंग निघालं: माझे २१,८७२ रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ₹२१,८७२. एका मोटरसायकलच्या चेन सॉकेटपायी. (शब्द ‘स्प्रॉकेट’ आहे, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती, माहीत आहे. पण आमच्या गॅरेजात कुणी स्प्रॉकेट म्हटलं तर पोरं हसतात.)

पैशांचं एक वेळ जाऊ द्या. खरी लाज वेगळीच आहे. मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये इनकमिंग क्वालिटीला आहे, सोळा वर्षं झाली. सप्लायरचा माल आला की टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, हीट नंबर (धातूच्या ओतीचा नंबर) जुळवायचा, शंका आली की गाडी जशीच्या तशी परत लावायची, हेच माझं काम. माझ्या माघारी लोक मला ‘रिजेक्शन’ म्हणतात. त्या रिजेक्शननं ७०७५ हे मजबूत ॲल्युमिनियम समजून डायकास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या भंगाराला ₹१०,८५२ मोजून घरी आणलं.

गाडी ड्यूक ३९०, २०१८ची. पुढचं १५ दातांचं, मागचं ४५चं, ५२० मापाची चेन. चोवीस हजार किलोमीटरला मूळ सेट संपला. मागच्या चाकाच्या पाठीमागून चेन ओढली की अर्धा दात उघडा पडायचा. म्हणजे तिन्ही वस्तू एकदम बदलायच्या, कारण जुन्या दातांवर नवी चेन घातली तर ते दात ती चेन खातात. इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं. शोरूममधून साधा स्टीलचा सेट घेतला असता तर आज हे लिहीत बसलो नसतो.

पण ‘हलकं’ हा शब्द डोक्यात शिरला. काढलेलं जुनं स्प्रॉकेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ९२० ग्रॅम. तेच ॲल्युमिनियमचं साडेतीनशेच्या आसपास बसतं. हिशोब सरळ आहे, स्टीलची घनता ७.८५ आणि ॲल्युमिनियमची २.८. चाकाबरोबर फिरणारं अर्धा किलोवर वजन कमी होतं, आणि रेसवाले त्यासाठीच ते वापरतात. आता मला सांगा, रोज सकाळी डांगे चौकातल्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या माणसाला त्या अर्ध्या किलोचं काय करायचं होतं? आणि अस्सल ॲल्युमिनियमसुद्धा स्टीलपेक्षा लवकरच झिजतं, आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत तर फारच. रोजची गाडी असेल तर मागचं स्टीलच घ्या. हलकं हवंच असेल तर मधली चकती ॲल्युमिनियमची आणि दातांची रिंग स्टीलची, असे रिव्हेट केलेले प्रकार मिळतात. पुढचं मात्र स्टीलशिवाय घेऊच नका. मागच्याच्या एका फेऱ्यात ते तीन फेरे मारतं.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं. म्हणूनच जास्त चीड येते.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. हिरव्या रेक्झिनवर ठेवलेलं काळंभोर स्प्रॉकेट, कडेला सोनेरी चेन. ‘इम्पोर्टरचा स्टॉक क्लिअरन्स, फक्त १२ नग शिल्लक.’ चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट मिळून सेट ₹८,९००. माणूस फोनवर दिल्लीचा वाटला, दर वाक्याला ‘सर जी’. आधी बुकिंगचे ₹३,०००. मग ‘डिस्पॅच के टाइम’ ₹५,९००. मग पक्कं बिल हवं म्हणालो तर जीएसटीचे ₹१,६०२ वेगळे, आणि कुरिअरचे ₹३५०. सगळे यूपीआयनं, आणि त्यातही दोन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर. पैसे असे तुकड्यातुकड्यानं का काढतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण पहिले तीन हजार गेल्यावर उरलेले दिले नाहीत तर ते तीन बुडतील, या भीतीनं माणूस पुढचे देत जातो.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की मी सर्टिफिकेट मागितलं होतं. आलंही. पीडीएफ, शिक्का, सही, ‘७०७५-टी६’. रात्री साडेअकराला मोबाइलवर उघडलं. केमिकल बरोबर होतं, झिंक साडेपाच टक्के वगैरे, पुस्तकातून उतरवलेलं. खाली हार्डनेस: एचआरसी ४५.

एचआरसी. ॲल्युमिनियमला.

क्वालिटीतल्या कुणालाही विचारा. रॉकवेल सी ही पाणी दिलेल्या स्टीलची मोजपट्टी. ७०७५-टी६ ब्रिनेल या दुसऱ्या मोजपट्टीवर दीडशेच्या आसपास असतं, रॉकवेलमध्ये मोजायचं तर बी स्केलवर. ॲल्युमिनियमची एचआरसी ४५ सांगणं म्हणजे दुधाची फॅट डिग्रीमध्ये सांगण्यासारखं. आमच्या सप्लायरनं असला कागद दिला असता तर मी त्याला गेटवरच उभं केलं असतं. आणि मी ते वाचलं हो! नजरेतून सुटलं असंही म्हणता येत नाही. ‘टायपिंगची चूक असेल’ असं मनात म्हणालो आणि फोन उशाशी ठेवून झोपलो.

दुसरी संधी पार्सल उघडलं तेव्हा होती. आधी चुंबक लावला, चिकटला नाही, मी खूश. अहो, चुंबक घरातल्या भाताच्या पातेल्यालाही चिकटत नाही! त्यावरून एवढंच कळतं की हे लोखंड नाही. कुठलं ॲल्युमिनियम आहे ते चुंबकाला काय ठाऊक? मग स्प्रॉकेट मांडीवर घेऊन त्यावरच्या ‘७०७५-टी६’ या अक्षरांवरून अंगठा फिरवला. काय सुबक आहेत म्हणून पुन्हा एकदा फिरवला.

अक्षरं उठावाची होती. चांगलं स्प्रॉकेट प्लेटमधून कापून मशीनवर काढलेलं असतं, त्यावर अक्षरं कोरतात नाहीतर लेझरनं मारतात. अक्षर वर आलेलं असेल तर ती वस्तू साच्यात ओतलेली आहे. ओतलेली! सोळा वर्षं मी कास्टिंगवरची अशी अक्षरं बोटांनी वाचतोय. हे लिहितानाही उजवा अंगठा पँटला पुसावासा वाटतोय.

काळा रंगसुद्धा ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावरच विजेनं तयार केलेल्या थराचा) नव्हता. मेकॅनिकनं बोल्ट आवळले तिथे रंग नखाएवढ्या पापुद्र्यानं निघाला. हार्ड ॲनोडायझिंग धातूच्या अंगचंच असतं, त्याचे पोपडे निघत नाहीत. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, हा स्प्रे दिसतोय.” मी म्हणालो, “तू आवळ.” फिटिंगचे ₹७००.

पुढचं थोडक्यात. आठशे किलोमीटरमध्ये चेन दोनदा ताणून घ्यावी लागली. चेनच्या ग्रीसमध्ये चंदेरी भुकटी दिसायला लागली. तेव्हाही मी ‘नवीन आहे, बसतंय’ असं म्हणत होतो. ११४० किलोमीटरला, रविवारी सकाळी, मुळशी धरणाच्या कडेनं ताम्हिणीकडे जाताना तिसऱ्या गिअरमध्ये गॅस दिला आणि खाली कुणीतरी हातोडा मारल्यासारखा आवाज झाला. मागचे सात दात ओळीनं गेले होते. चेन उतरून पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली आणि तिथलं कव्हर फोडून थांबली. वेग पन्नासच्या आत होता, मागून गाडी नव्हती, म्हणून बचावलो. पाठीमागे मुलगा बसणार होता, त्याचा क्लास निघाला म्हणून आला नाही. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

रस्त्यावर दोन दात सापडले, ते खिशात घातले. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी दाणेदार, आणि मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. ब्लो होल, म्हणजे ओतताना अडकलेल्या हवेची भोकं. आमचे साडू प्रेशर डायकास्टिंगमध्ये आहेत. त्यांनी दात हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “हे तर आमचंच.” म्हणजे एडीसी १२, ज्याची कव्हरं आणि हाउसिंग ओततात ते. तरी मी लॅबमध्ये स्पेक्ट्रो, म्हणजे कुठला धातू किती टक्के ते दाखवणारी चाचणी, करून घेतलं, ₹१,१८०. सिलिकॉन १०.२, कॉपर १.९, झिंक ०.८. ७०७५मध्ये झिंक पाच-सहा टक्के लागतं आणि सिलिकॉन ०.४च्या वर चालत नाही. पुढचं स्टीलचं होतं, पण दातावर फाईल मारली तर फाईल चावत होती. हार्डन केलेल्या दातावरून फाईल नुसती घसरते. फुकटात होणारी परीक्षा आहे, बसवण्याआधी एका कडेच्या दातावर करून बघा. मी मोडल्यानंतर केली.

छोटा हत्ती करून गाडी चिंचवडला आणली, ₹२,८००. कव्हर, साधा स्टीलचा सेट, मजुरी असं सगळं मिळून ₹६,३४०. झाले २१,८७२.

आता बिलाची गंमत. बायको एका ऑफिसात दिवसभर टॅलीवर बिलंच भरते. तिला मी सेटची किंमत चार हजार सांगितली होती, म्हणून बिल दाखवलं नव्हतं. (हसा.) गाडी टेम्पोतून आल्यावर दाखवावंच लागलं. तिला दहा सेकंद लागले. “अहो, माल दिल्लीहून आलाय ना? मग आयजीएसटी लागतो. यानं सीजीएसटी-एसजीएसटी लावलाय. आणि हा जीएसटी नंबर चौदा आकडीच आहे.” तो पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे. दिल्लीला ०७, आपल्याला २७. जीएसटीच्या साइटवर टाकला की दुकानाचं नाव समोर येतं. माझ्या बिलावरचा नंबर कुणाचाच नव्हता, म्हणजे ते ₹१,६०२ सरकारलाही मिळाले नाहीत.

मग सुरू झाली माझी वारी. बँकेतली मुलगी म्हणाली, “पिन तुम्हीच टाकलात ना सर?” हो, मीच टाकला. मग झालं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्या दिवशी साहेब होते पण त्यांनी विचारलं, “माल मिळाला का?” मिळाला. “मग फसवणूक कशी? खराब माल म्हणजे ग्राहकाचं मॅटर.” मी म्हणालो, खोटं सर्टिफिकेट, खोटा जीएसटी नंबर, दोन वेगळी खाती. तर बाजूचा हवालदार म्हणाला, फसवणुकीचं कलम आता ४२० राहिलं नाही, ३१८ झालं. या ज्ञानाबद्दल मी त्यांचा आभारी आहे. ग्राहक तक्रारीच्या फोनवर पंचवीस मिनिटं सनई ऐकली, मग बाईंनी विक्रेत्याचा पत्ता मागितला. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली रजिस्टर्ड नोटीस ‘असा इसम येथे राहत नाही’ म्हणून परत आली होती. तर म्हणे, पत्ता पोलीस काढून देतील. पोलीस म्हणाले, ग्राहकवाल्यांकडून पत्र आणा. तिसऱ्या खेपेला एकांनी माझ्या हातातला तुटका दात उलटसुलट करून विचारलं, “पण एवढं महागाचं घ्यायचंच कशाला?” तो प्रश्न घरी विचारून झालाय साहेब, तुम्ही तक्रार लिहून घ्या! ऑफिसच्या चार अर्ध्या रजा गेल्या, त्या २१,८७२मध्ये धरलेल्या नाहीत. हाती काय, तर एक पोच. त्यावर ड्यूकचं ‘ड्युक्कर’ झालंय.

तुमच्यावर वेळ आली तर पैसे गेल्यागेल्या, त्याच तासात सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० लावा. उशीर केला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. माझे तर दोन महिने आधीच सरकले होते. माल हातात आला म्हणून गप्प बसलो, हीच तर या लोकांची युक्ती. काहीतरी पाठवायचं, म्हणजे गिऱ्हाईक थंड. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, तिथे जाणार आहेच. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. मी काढला नाही. तुटलेला तुकडा फेकू नका. आणि बिल घरात ज्याला कळतं त्याला आधी दाखवा, भले शिव्या बसोत.

परवा साडूंच्या मुलानं एक लिंक पाठवली. पानाचं नाव नवीन, फोन नंबर नवीन. फोटो मात्र तोच, हिरवं रेक्झिन, डाव्या कोपऱ्यात त्याला पडलेली चीर, सोनेरी चेन. खाली तेच, ‘फक्त १२ नग शिल्लक’. मी लिहिलं की हे डायकास्टिंग आहे, माझ्याकडे लॅब रिपोर्ट आहे. दोन मिनिटांत ब्लॉक. बायकोच्या फोनवरून पुन्हा पाहिलं तर कमेंट गायब आणि सेट ₹९,४०० झालेला. माझ्यापेक्षा पाचशेनं महाग.