विद्यार्थ्यांच्या कलाप्रदर्शनाचे थेट प्रक्षेपण: वडोदऱ्यातील एका सेवेचा अनुभव
दांडिया बाजारातील आमच्या चित्रवर्गाच्या वार्षिक प्रदर्शनाचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करण्याचे काम आम्ही एका स्थानिक चित्रीकरणवाल्याकडे सोपवले होते. चित्र नितळ होते, आणि पुण्या-इंदूरच्या आजी-आजोबांना नातवंडांची मातीकामे घरबसल्या पाहता आली. मात्र कॅमेऱ्यावरच्याच माइकवर भिस्त ठेवल्यामुळे, वारली चित्रातला तारपा (फुंकून वाजवायचे वाद्य) समजावून सांगणाऱ्या मुलीचा आवाज पंख्याच्या घरघरीत पार बुडाला. कॉलर माइक लावला, पण तोवर तिचे सांगून झाले होते. नव्या यूट्यूब चॅनलवर थेट प्रक्षेपणाची सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात आणि मोबाइलवरून प्रक्षेपणासाठी चॅनलचे किमान ५० सदस्य (सबस्क्रायबर) लागतात, हे मात्र त्यांनी आठवडाभर आधीच बजावले होते. दर वाजवी वाटला. पुढच्या खेपेस ध्वनीची चाचणी आम्ही आदल्या दिवशीच घ्यायला लावू.