राजा केळकर म्युझियम: चित्र काढणाऱ्यांनी एकदा तरी एकटं जावं

पुण्यात वाढलेल्या बहुतेकांनी राजा दिनकर केळकर संग्रहालय शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं, रांगेने आत रांगेने बाहेर, आणि नंतर बाहेरगावचे पाहुणे आल्याशिवाय कोणी तिकडे फिरकत नाही. मीपण नव्हते गेले कितीतरी वर्षं. गेल्या वर्षी लहान मुलांच्या एका पुस्तकाची चित्रं करत होते, त्यात आजी विडा लावतीये असं एक चित्र होतं आणि माझा अडकित्ता काही केल्या जमेना. नेटवरचे फोटो बघून काढला तर पकडीसारखा दिसायला लागला. आईने बघितलं आणि म्हणाली, अगं ह्याने सुपारी कातरणार कशी, पातं कुठाय?

मग स्केचबुक उचललं आणि बाजीराव रोडवरून नातूबागेत शिरले.

अडकित्त्यांच्या कपाटासमोरच दीड तास गेला. पोपट आहेत, घोडे आहेत, नवरा-बायकोच्या जोड्या आहेत. फोटोत जे कधीच कळलं नसतं ते काढता काढता कळलं, की वरच्या दांडीला पातं, खालच्या दांडीवर सुपारी धरायची, आणि दोन्ही दांड्या जिथे खिळीने जोडल्यात तिथे कारागिराला थोडी जागा मिळते, म्हणून तो पोपट बरोब्बर तिथे बसलाय. म्हणजे नक्षी वरून चिकटवलेली नाहीये, वस्तूच्या कामातूनच उगवलीये. टाचा घासायच्या वज्र्यांचं तेच, खाली खरखरीत, वर धरायला पक्षी किंवा प्राणी, काहींना तर घुंगरं. अंघोळीला घ्यायची वस्तू, आणि ती वाजावी असं कुणालातरी वाटलं! मला हे बघून खरंच भरून आलं.

हे सगळं जमवणारे दिनकर केळकर स्वतः कवी, 'अज्ञातवासी' नावाने लिहायचे. 1920 च्या आसपास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि 1990 मध्ये गेले तोपर्यंत हाच ध्यास, पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. वस्तू 20,000 च्या वर आहेत, मांडलेल्या साधारण 2,500. मला वाटतं कवी होते म्हणूनच त्यांची नजर समया, पानाचे डबे, फण्या, शेवयांचे साचे असल्या घरातल्या वस्तूंवर थांबली. बनवणाऱ्यांची नावं बहुतेक कुठेच नाहीत, पण हात मात्र दिसतो.

कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल सगळे बघतातच, तुम्हीही बघा, पण चित्रं काढत असाल तर सगळी दालनं एका दिवसात संपवायचा हट्ट करू नका, डोकं भरून जातं आणि घरी आल्यावर काहीच आठवत नाही. एक कपाट निवडा. पेन्सिल आणि छोटी वही पुरे, बसून काढायचं असेल तर तिथल्या लोकांना आधी विचारून घ्या. सुट्टीचा दिवस टाळा आणि सकाळी जा.

माझ्याकडून पाचपैकी पाच. त्यानंतरच्या रविवारी जुन्या बाजारात जाऊन एक साधा पितळी अडकित्ता घेतला, घासून पातळ झालेला, दांडीवर अंगठ्याची जागा गुळगुळीत झालीये. तो आता टेबलावर पेन्सिलींच्या डब्याशेजारी असतो आणि काम अडलं की मी तो नुसता उघडते, मिटते. आजीचा हात त्यावरूनच काढला, अंगठा नेमका त्या गुळगुळीत जागेवर ठेवून. पुढच्या पुस्तकात लाईट गेलेलं घर आहे, त्यामुळे आता परत जायचंय, यावेळी फक्त दिवे.