तज्ज्ञ, लवाद की न्यायालय? नदीच्या वादात कुणाकडे जायचं

वरच्या धरणानं खाली किती पाणी सोडायचं, हा वाद नाशिककरांना नवा नाही. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हे गोदावरीच्या पाणीवाटपासाठीच्या मेंढेगिरी समितीचं सूत्र इथं सगळ्यांना पाठ आहे. ते पटलं नाही तर उच्च न्यायालय गाठता येतं. दोन देशांच्या वर मात्र असं कुणी नसतं. दोघांना मान्य असेल तोच मार्ग चालतो. म्हणून आधी भांडण नेमकं कशाचं आहे ते पाहावं.

मोजमापाचं असेल तर तटस्थ तज्ज्ञच बरा. भारत-पाकिस्तानच्या सिंधू जलकराराखालचा, चिनाबवरच्या भारतीय बगलिहार धरणाचा वाद 2005 मध्ये स्विस अभियंते रेमंड लाफित यांच्याकडे गेला आणि फेब्रुवारी 2007 मध्ये निकालही लागला. पूरपातळीच्या वर राखलेली भिंत साडेचार मीटरवरून तीन मीटरवर आली, वीजनिर्मितीसाठीचा साठा 37.5 वरून 32.56 दशलक्ष घनमीटर झाला. गाळ काढणारे खालच्या पातळीचे दरवाजे मात्र मान्य झाले, आणि खरी कमाई तीच. चिनाबवरच्याच सलाल धरणाचे तळाचे दरवाजे बंद करायचं भारतानं 1978 मध्ये कबूल केलं होतं. तो जलाशय गाळानं भरला.

कराराचा अर्थच वादात असेल तर लवाद. त्याच करारातलं, भारताच्या किशनगंगा वीजप्रकल्पाचं प्रकरण 2010 ते 2013 चाललं. पाणी वळवायला परवानगी मिळाली, पण नदीत किमान 9 घनमीटर प्रतिसेकंद सोडायची अट आली. धोका एकच : किशनगंगेच्याच पुढच्या वादात 2022 मध्ये, या करारात नेमणुकांची भूमिका असलेल्या जागतिक बँकेनं तज्ज्ञ आणि लवाद दोन्ही एकाच वेळी नेमले, भारतानं लवादावर बहिष्कार टाकला.

आंतरराष्ट्रीय न्यायालय शेवटचा पर्याय. हंगेरी-स्लोवाकियाच्या डॅन्यूब वादात 1997 च्या निकालानं दोघांनाही दोषी धरलं आणि पुन्हा बोलणी करायला सांगितलं. उरुग्वे नदीकाठच्या कागदाच्या लगद्याच्या गिरणीविरुद्ध अर्जेंटिनाची तक्रार 2006 ची, निकाल 2010 चा. तोवर उरुग्वे देशातली ती गिरणी सुरूही झाली होती.

उन्हाळ्यातल्या तुटवड्याला यातलं काहीच पुरत नाही. तिथं आधी ठरलेलं कोष्टकच हवं. भारत-बांगलादेशातला 1996 चा गंगा करार 1 जानेवारी ते 31 मे दर दहा दिवसांचा हिशोब धरतो : पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्याला 70 हजार क्युसेक किंवा कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. फराक्का आणि बांगलादेशातल्या हार्डिंज पुलाजवळ दोन्ही देशांची पथकं प्रवाह मोजतात, त्यामुळे आकड्यावर वाद कमी. 50 हजारांखाली गेलं की मात्र फक्त तातडीची चर्चा. 1977 च्या करारात बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या 80 टक्क्यांची हमी होती. डिसेंबर 2026 मध्ये मुदत संपणाऱ्या कराराच्या जागी नवा करताना तशी हमी परत घालावी, असं आमचं ठाम मत आहे.